मेंटेनन्स: समान की हिश्श्याप्रमाणे?

फ्लॅट सोसायटीतला की अपार्टमेंटमधला, हे घर घेताना कोणी विचारत नाही. पहिलं मेंटेनन्स बिल आलं की कळतं.

महाराष्ट्रात सहकारी सोसायटी 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालते. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, वॉचमनचा पगार, झाडलोट, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च हे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटांना सारखं. अपार्टमेंट कंडोमिनियमला, म्हणजे अपार्टमेंटमधल्या फ्लॅटमालकांच्या संघटनेला, 1970 चा अपार्टमेंट मालकी कायदा लागू. तिथे सामाईक खर्च डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या घोषणापत्रात, लिहिलेल्या अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक जागेतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या) टक्केवारीने वाटतात. समजा, दोन फ्लॅट, हिस्सा एकास दोन, खर्च सहा हजार. सोसायटीत तीन-तीन हजार. अपार्टमेंटमध्ये दोन आणि चार.

मोठ्या फ्लॅटवाल्यांची तक्रार असते, 'वॉचमन आमच्यासाठी दुप्पट जागतो का?' मुद्दा खरा आहे. मला तरी वॉचमन आणि झाडलोटीपुरतं समान वाटपच पटतं.

पण सोसायटीतही सगळंच समान नसतं, आणि वार्षिक सभेतली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान 0.25 टक्के, म्हणजे मोठ्या घराला इथे जास्त भरावंच लागतं. लिफ्टचा खर्च मात्र सारखा, तळमजल्यावरच्या काकांनाही. भाडेकरू ठेवला, तर सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) वेगळं.

अपार्टमेंट घेताना डीड आधी मागा. टक्केवारी त्यातच असते, आणि नंतर ती बदलून घेणं सोपं नाही.