वरचा बूट खरा, खालची प्लेट खोटी

आमच्या स्केटिंगच्या पालकांच्या ग्रुपवर परवा एक जाहिरात आली. इटालियन आर्टिस्टिक सेट (वळणं, गिरक्या शिकायचे चार चाकी स्केट्स), एकच सीझन वापरलेला, मुलगी दहावीला गेल्यामुळे विकणे आहे. फोटो पाहिला आणि पोटात गोळा आला. प्लेटच्या, म्हणजे बुटाखाली चाकं धरणाऱ्या पट्टीच्या, पुढच्या नटाजवळ तोच तिरका ओरखडा. याच फोटोवर विश्वास ठेवून मी जूनमध्ये ३४,००० रुपये घालवले आहेत.

माझी लेक नऊ वर्षांची, आम्ही मुलुंडला राहतो. दोन वर्षं ती नट सैल करून लांबी वाढवायच्या साध्या स्केट्सवर शिकली. थ्री टर्न, म्हणजे एका पायावर वळून पुढचं मागे होणं, जमायला लागल्यावर सर म्हणाले, आता हिला आर्टिस्टिकचा सेट घ्या. नवा आवाक्याबाहेरचा, म्हणून वापरलेला शोधत होतो. विकणारा बोलायला फार गोड. "ताई, माझ्याच पोरीचे आहेत, निर्धास्त घ्या." पाच हजार आधी यूपीआयने पाठवले, बाकीचे दादर स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळी सात वाजता. त्या रेटारेटीत मी पिशवीतून एक बूट काढला. आत २२५ लिहिलेलं पाहिलं. मुलीचं पाऊल उभं राहून २२१ मिलिमीटर भरलं होतं, त्यामुळे माप बरोबर होतं. घोट्यापाशी दाबून पाहिलं, चामडं ताठ होतं. बूट खरोखरच चांगला होता, अजूनही आहे. तो उलटा करून मात्र मी पाहिलाच नाही.

या सेटमध्ये मोठा पैसा खाली, प्लेटमध्ये असतो. पाय एका बाजूला कलला की ट्रकमधलं (प्लेटखालच्या, चाकांची जोडी धरणाऱ्या भागातलं) रबर दबतं, चाकं त्या बाजूला वळतात आणि स्केट गोलाईत जातो. एजचं, म्हणजे असं कलून गोलाईत जाण्याचं, सगळं काम यावर चालतं. आमच्या बुटाची मूळ प्लेट काढून तिथे रंग दिलेली नकली प्लेट बसवली होती. फोटो खऱ्या प्लेटचा, माल हा.

फिगरच्या, म्हणजे जमिनीवर आखलेल्या रेषेवरून जायच्या प्रकारातल्या, ६ मीटर व्यासाच्या वर्तुळावर लेक तीन आठवडे धडपडत होती. डावा पाय रेषेवर राहीना. मी तिलाच ओरडत होते, लक्ष कुठे आहे तुझं म्हणून. पैशांपेक्षा हेच मला जास्त लागलं आहे.

शेवटी सरांनी स्केट उलटा केला. तळव्यात जुन्या स्क्रूंची भोकं पुटी भरून बुजवली होती आणि शेजारी नवी पाडली होती. प्लेट टाचेकडून पंज्याकडे सरळ जाण्याऐवजी किंचित आत वळलेली. टेबलावर ठेवला तर चारपैकी तीनच चाकं टेकत होती. चाकांवर व्यास आणि कडकपणाचा आकडा छापलेला असतो, तो घासून काढला होता. आमच्या रिंकवर गुळगुळीत कोटा फरशी आहे, तिथे फार कडक चाक घसरतं, त्यामुळे तो आकडा बघूनच चाकं घ्यावी लागतात. सरांनी आणखी एक सांगितलं : एक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) ७ मिलिमीटरचा आहे की ८ चा हे आधी विचारा, नाहीतर पुढे नवी बेअरिंग बसतच नाहीत.

त्या माणसाचा फोन तोवर बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण ही हेल्पलाइन पैसे गेल्या गेल्या गाठली तर ते पुढे सरकायच्या आत खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त, आणि माझे तीन आठवडे उलटून गेले होते. शिवाय २९,००० मी रोख दिलेले, पावती काही नाही. तुम्ही घ्याल तर सरांना सोबत न्या, आणि भेट रिंकवरच ठरवा. स्केट फरशीवर हलकेच ढकलून सोडला की तो सरळ जातो की एका बाजूला ओढतो हे तिथल्या तिथे कळतं. खरा विकणारा रिंकवर यायला कशाला नाही म्हणेल?

काल नवऱ्याच्या फोनवरून त्या जाहिरातीखालच्या नंबरवर मेसेज केला. दोन्ही स्केट उलटे धरून व्हिडिओ पाठवा, शेजारी कागदावर आजची तारीख लिहा. दोन निळ्या टिका आल्या. अर्ध्या तासाने डीपी दिसेनासा झाला.