इटलीतला फुटका आरसा आणि माझे 380 युरो

17 सप्टेंबर 2024 रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास, पेस्किएराहून वेरोनाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, मी एका माणसाला त्याने स्वतःच कधीतरी फोडून ठेवलेल्या आरशाचे 380 युरो मोजून दिले आणि वर त्याची दोनदा माफीही मागितली. या प्रकाराला इटलीत ‘त्रुफ्फा देल्लो स्पेक्येत्तो’, म्हणजे आरशाची लबाडी, असे रूढ नाव आहे आणि तिथल्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक असते, हे ज्ञान मला त्याच रात्री प्राप्त झाले. आपल्याकडेही गाडीला धक्का लागल्याचा कांगावा करून पैसे उकळणारे काही कमी नाहीत. पुण्यात 22 वर्षे गाडी चालवताना असल्या माणसांना मी काच खाली न करता वाटेला लावले आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना रागापेक्षा लाज अधिक वाटते.

मंदार आणि मी मिलानला उतरून नऊ दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली होती. कोमो सरोवर, तिथून बोर्मिओमार्गे 2,757 मीटर उंचीवरची स्टेल्व्हिओ खिंड, पलीकडे उतरून बोल्झानो, मग सेल्ला आणि पोर्दोई हे डोलोमाइट्समधले घाट, आणि शेवटी गार्दा सरोवराच्या पूर्वेच्या काठाने खाली वेरोनाकडे, असा आमचा बेत होता. तयारीत आम्ही काही कमी केली नव्हती. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता, टोलनाक्यावर टोल आपोआप कापून घेणाऱ्या पिवळ्या टेलेपास मार्गिकेत शिरायचे नाही हे घोकून ठेवले होते, आणि जुन्या शहरांच्या गाभ्यात परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरे दंड लावतात म्हणून प्रत्येक मुक्कामाचा झेडटीएल, म्हणजे त्या प्रतिबंधित भागाचा, नकाशा छापून घेतला होता. ज्याला त्याला सावध करावेसे वाटते ते त्या कॅमेऱ्यांबद्दल. आरशाबद्दल आम्हांला कोणी चकार शब्द सांगितला नाही.

माझ्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. जन्मभर उजवीकडे बसून गाडी चालवणाऱ्या माणसाला डावीकडे बसवले की त्याला गाडीच्या उजव्या बाजूचा अंदाज राहत नाही आणि गाडी नकळत उजवीकडे सरकत जाते. स्टेल्व्हिओवरून प्रातोच्या बाजूला उतरताना 48 हेअरपिन वळणे आहेत आणि त्यांपैकी निम्म्या तरी वळणांवर मंदार, “अरे, उजवीकडे जातोयस, कठड्याला घासशील,” म्हणून ओरडला असेल. त्यामुळे सहा दिवस माझ्या डोक्यात एकच भीती घर करून होती, की आपण उजवीकडे कुठेतरी, कशाला तरी घासणार. त्या माणसाने याच भीतीवर हात ठेवला. भाड्याची गाडी चालवणारा परदेशी माणूस कशाला घाबरतो, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

मोटरवे सोडून आम्ही जुन्या रस्त्याने निघालो, तेही जेमतेम दोन-तीन युरोंचा टोल वाचवण्यासाठी. उजव्या कडेला एक करड्या रंगाची गाडी जवळजवळ थांबल्यासारखी हळू चालली होती. तिला ओलांडताना आमच्या मागच्या दारापाशी ‘ठक्’ असा स्पष्ट आवाज झाला. पुढच्याच क्षणी ती गाडी दिवे लुकलुकवत मागे लागली आणि मी निमूटपणे बाजूच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवली. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ उतरला, शेजारी बायको बसलेली. आवाज चढवणे नाही, शिवीगाळ नाही. त्याने फक्त आपल्या डाव्या आरशाची फुटकी काच दाखवली आणि मग आमच्या मागच्या उजव्या दारावरची वीतभर लांबीची काळी रेघ दाखवली.

आता मी जे लिहितो आहे ते मला दररोज आठवते. मंदार त्या दारापाशी उकिडवा बसला, रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाला, “ही फार खाली आहे रे. त्याचा आरसा इथे कसा लागेल?” रेघ दाराच्या हँडलच्याही खाली होती. त्याचा आरसा आमच्या खिडकीच्या काचेच्या पातळीला होता. खरोखर धडक झाली असती तर आधी आरशाला आरसा लागला असता, आणि आमचा उजवा आरसा जसाच्या तसा होता, दुमडलासुद्धा नव्हता. एवढेच नव्हे, त्याच्या फुटक्या काचेच्या भेगांमध्ये बारीक धूळ बसलेली मी स्वतः पाहिली. ताज्या फुटलेल्या काचेत धूळ कुठून येणार? हे सगळे मी पाहिले, मंदारने तर तोंडाने बोलून दाखवले, आणि तरीही मी त्याला म्हणालो, “तू थांब जरा, मला बोलू दे.” बोललो काय, तर “सॉरी.” तेही दोनदा.

त्याने मोबाइलमधल्या भाषांतराच्या सोयीने सांगितले, की विमा कंपनीकडे गेलो तर त्याचा हप्ता वाढेल आणि आमची भाड्याची कंपनी आमचे सगळे डिपॉझिट कापून घेईल, तेव्हा आपसांत मिटवलेले दोघांच्याही हिताचे. मग त्याने कोण्या गॅरेजवाल्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि पलीकडच्याने 620 युरोंचा आकडा सांगितला. माझ्या कार्डावर डिपॉझिट म्हणून 1,400 युरो अडकवलेले होते, कारण काउंटरवरच्या मुलीने दिवसाला 27 युरो दराने देऊ केलेला संपूर्ण विमा, नऊ दिवसांचे 243 युरो वाचवल्याच्या आनंदात, मी नाकारला होता. 1,400 जाण्यापेक्षा थोडे देऊन सुटू, असा हिशेब मी केला आणि घासाघीस करून 380 वर आणले. घासाघीस जमली याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

खिशात 130 युरो होते, त्यांतले 50 मंदारचे. उरलेल्या 250 साठी तो गृहस्थ आमच्या पुढे गाडी चालवत दोन किलोमीटरवरच्या एका तंबाखूच्या दुकानाबाहेरच्या एटीएमपाशी घेऊन गेला. पैसे काढायला कोणी तुम्हांला स्वतः वाट दाखवत नेत असेल तर तिथेच गाडी वळवून निघून जावे, यापलीकडे त्यावर बोलण्यासारखे काही नाही. घाईत आणि घामाघूम अवस्थेत मी त्या यंत्राने विचारलेल्या प्रश्नावर, म्हणजे खात्यातून रुपयांत वळते करू की युरोंतच ठेवू यावर, रुपयांचे बटण दाबले. 25,640 रुपये गेले. युरोंत ठेवले असते तर त्या दिवशीच्या भावाने सुमारे 23,300 लागले असते. एकाच तासात एका ठगाने आणि एका यंत्राने, दोघांनीही, माझी परवानगी घेऊन मला लुटले.

रात्री मुक्कामी पोहोचल्यावर मंदारने ओला टिश्यू घेऊन ती रेघ पुसली आणि ती निघून गेली. मेणाच्या खडूसारखे काहीतरी होते, टिश्यूवर काळा डाग उरला. मग त्याने समोरचा कप्पा उघडला, तर गाडीच्या कागदपत्रांत निळा छापील अर्ज होता. अपघात झाला की दोन्ही चालकांनी मिळून भरायचा तो हाच. रस्त्यावर कोणी आरसा दाखवला की शांतपणे हा निळा अर्ज काढावा, त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो घ्यावा आणि 112 लावतो आहे असे सांगावे. 112 हा सगळ्या युरोपात चालणारा आणीबाणीचा क्रमांक आहे. हे ऐकल्यावर तो तिथे थांबला तर समजावे, की आरसा खरोखर आपणच फोडला. दोघांनीही एकदम गाडीतून उतरू नये आणि दारे उघडी टाकू नयेत. आमच्या मागच्या सीटवर पासपोर्टांची बॅग होती, ती राहिली हे आमचे नशीब.

दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदवायला गेलो आणि खरा संताप तिथून सुरू झाला. पहिल्या ठाण्याचे दार बंद होते, आणि घंटा दाबल्यावर भिंतीतल्या आवाजाने उद्या सकाळी या असे सांगितले. दुसऱ्या ठाण्यात एक तास पन्नास मिनिटे बसल्यावर अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो गाडीच्या नंबरचा. मला फक्त जी हे पहिले अक्षर आठवत होते. इटलीत अलीकडच्या वर्षांतल्या कित्येक गाड्यांचा नंबर जी नेच सुरू होतो, असे सांगताना तो हसला. त्याचे हसणे मी समजू शकतो, परंतु त्यापुढे, “पैसे तुम्हीच दिलेत ना?” असे त्याने जे तीनदा विचारले ते मी विसरणार नाही. फसवणूक म्हणजे पैसे आपल्याच हाताने द्यायला लावणे, दुसरे काय असते? मग जिथे घडले तिथल्या ठाण्यात जा आणि येताना दुभाषा आणा, असे सांगून त्याने आम्हांला वाटेला लावले. इटलीच्या दंडसंहितेच्या 640 व्या कलमात हा गुन्हा येतो, त्याची तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते आणि ती कुठल्याही ठाण्यात देता येते, हे आम्हांला सांगितले ते मुक्कामाच्या घरमालकिणीने, पोलिसांनी नव्हे. ती बिचारी स्वतःचे काम टाकून तिसऱ्या ठाण्यात आमच्याबरोबर आली तेव्हा कुठे सव्वा पानाची तक्रार लिहून मिळाली.

त्या सव्वा पानाचा पुढे काय उपयोग झाला, तेही सांगतो. प्रवास विमा कंपनीने कळवले, की चोरी झाली तर भरपाई मिळते, स्वखुशीने दिलेल्या पैशांची नाही. ‘स्वखुशीने’ हा त्यांचाच शब्द. बँकेला मी सात ईमेल पाठवले आणि सातही वेळा तेच छापील उत्तर आले, की व्यवहार पिन वापरून झाला असून रुपयांतल्या दराला ग्राहकाने यंत्रावर संमती दिलेली आहे. माणूस रस्त्याच्या कडेला घाबरून उभा असताना दिलेली संमती आणि घरी बसून दिलेली संमती यांत फरक असतो, हे त्या सातांपैकी एकाही उत्तराच्या लेखकाला कळले नाही, किंवा ते वाचायला पलीकडे माणूसच नसावा.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, दारांचे आणि आरशांचे चित्रण मोबाइलवर करून ठेवावे. आम्ही केले होते. त्या चित्रणात ते दार कोरे करकरीत दिसते. रस्त्यावर मोबाइल माझ्याच हातात होता आणि ते चित्रण उघडून दाखवायचे मला सुचले नाही.

गाडी परत केली त्या सकाळी कंपनीच्या माणसाने एक फेरी मारली, टाकीचा काटा पाहिला आणि सही केली. मागच्या उजव्या दाराकडे त्याने बघितलेसुद्धा नाही. 1,400 युरो बाराव्या दिवशी मोकळे झाले. मंदारचे 50 युरो मी दोनदा द्यायला गेलो, पण तो घेत नाही. “राहू दे,” म्हणतो, “पुढच्या वेळी मी बोलतो, तू गाडीत बस.”