मांजर बोटीवर न्यायचं की बेळगावच्या घरीच ठेवायचं?

गोव्यात काम लागलं, राहायला नदीतली बोट मिळाली आणि घरात मांजर आहे. आमच्याकडच्या दोघातिघांनी याच पेचात मला फोन केला, कारण मी दोन्ही करून बघितलंय. बोक्याला बेळगावात शहापुरातल्या घरी आईजवळ ठेवून गेले होते. पुढच्या खेपेला चिंगीला सोबत घेतलं आणि मांडवीत आठ महिने काढले.

प्रवासाचा बाऊ करू नका. निघण्याआधी चार-पाच तास खायला घालायचं नाही, टोपलीवर जुनी ओढणी टाकायची. चिंगी जांबोटीपर्यंत ओरडली, कणकुंबीपासून गप्प झाली, चोर्ल्याच्या वळणांवर एकदा ओकली. झालं.

खरा प्रश्न पाण्याचा. मांजराला पोहता येतं, पण फायबरच्या गुळगुळीत बाजूवर नखं रुतत नाहीत, म्हणून ते बोटीला खेटून फिरत राहतं आणि दमून बुडतं. दुसऱ्याच रात्री धप्प आवाज आला. बॅटरी मारली तर दोन हिरवे डोळे आणि बाजूवर घासणारे पंजे. बादली सोडून तिला वर घेतली, तेव्हा माझेच हात थरथरत होते. सकाळी काथ्याचं लांब पायपुसणं मागच्या कठड्याला असं बांधलं की अर्धं पाण्यात राहील. नंतर दोनदा पडली, दोन्ही वेळा त्यावरून आपली आपण वर आली. इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सचा ट्रिम हा बोका १७९९ मध्ये जहाजावरच जन्मलेला. तोही पिल्लू असताना समुद्रात पडला आणि दोर धरून वर चढला. चढायला काहीतरी हवं, एवढंच. ते मांजर बोटीवर पाऊल ठेवायच्या आधी बांधा.

मांजर घराला धरून राहतं म्हणतात, ते इथे नडतं. बोट एकाच धक्क्याला राहणार असेल तर ठीक. जागा बदलणारी असेल तर मांजराला काठावर मोकळं सोडू नका. ते जुन्या धक्क्यावर जाऊन बसेल आणि घर तिथे नसेल.

जाळ्यातून टाकलेल्या मासळीवरही डोळा ठेवा. फुगणारा केंड मासा खाल्ला तर मांजर वाचणं कठीण. मांजर शी-शू करतं त्या माती भरलेल्या टबाचा वास पावसाळ्यात बंद केबिनमध्ये असह्य होतो, रोज उपसावाच लागतो.

घरी रस्ता, भटकी कुत्री आणि शेजारच्याने ठेवलेलं उंदराचं औषध, या भीती आहेतच. पण आमचा बोका नऊ वर्षांचा, माळ्यापासून परड्यापर्यंत सगळं त्याचं. चार दिवस उंबऱ्यावर बसून राहिला, पाचव्या दिवशी आईच्या पायाशी झोपला. घरात रात्री माणूस झोपणारं हवं. शेजारणीने वाटी भरून जाणं पुरेसं नाही. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जीव जातो, आणि ते रोज बघणाऱ्यालाच कळतं. बोटीवरून डॉक्टर गाठायला आधी काठ गाठावा लागतो, हेही धरून चला.

म्हणून माझं मत असं: मांजर दोन-तीन वर्षांच्या आतलं, घरातच वाढलेलं आणि मुक्काम सहा महिन्यांच्या वर असेल तर न्या. वयस्कर किंवा गल्लीभर फिरणारं असेल तर ठेवा, आणि पंधरा दिवसांनी शनिवारी घाट चढून भेटायला या.