हातात मावणारा पॅक-मॅन

हा हँडहेल्ड कन्सोल विकताना दुकानदाराने माझ्यापुढे दहा हजार खेळांचा आकडा ठेवला होता. महात्मा गांधी रस्त्यावरील त्या दुकानात उभ्याउभ्या मी त्यांतील एकच खेळ सुरू करून पाहिला आणि गेले दोन महिने पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाता-येता तोच खेळत आलो आहे: नामको कंपनीने १९८० मध्ये जपानमध्ये आणलेला पॅक-मॅन. त्यात चक्रव्यूहातील भुतांना चुकवत एका पिवळ्या गोळ्याला सगळे दाणे खायला लावायचे असतात. ४,२०० रुपयांच्या या यंत्रावर तो कसा चालतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. बाकीच्या खेळांपैकी कित्येक निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भरलेले आहेत आणि त्यांच्या परवान्याविषयी विचारले तेव्हा दुकानदार नुसता हसला.

नाणे टाकून खेळायच्या मूळ आर्केड यंत्राचा पडदा उभा होता आणि त्यावरील चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचे (पिक्सेलचे) होते. या कन्सोलचा साडेतीन इंची पडदा मात्र आडवा, ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आहे. चित्र त्याच्या उंचीत बसवताना २८८ ठिपके ४८० मध्ये ताणले जातात. हा हिशेब पूर्णांकात येत नसल्यामुळे चक्रव्यूहाच्या निळ्या रेषा कुठे जाड, तर कुठे बारीक दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन चित्र ९० अंशांनी फिरवले आणि यंत्र उभे धरले, की तेच चित्र बरोबर दुप्पट, म्हणजे ४४८ बाय ५७६ होते आणि पडद्यात नीट मावते. मग भुतांचे डोळे कोणत्या दिशेला वळले आहेत तेही स्पष्ट दिसते, आणि भूत पुढे कुठे वळणार हे त्या डोळ्यांवरूनच ओळखायचे असते.

यंत्र असे धरल्यावर दिशांचे बटण पडद्याच्या खाली येते, त्यामुळे चारही दिशांची नेमणूक नव्याने करावी लागते. खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते. मूळ खेळाची दांडी चारच दिशांना हलत असे. येथील अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण मात्र अंगठा जरा तिरका पडला, की एकाच वेळी दोन दिशा नोंदवते. पॅक-मॅनमध्ये ही चूक महागात पडते. कोपरा येण्याच्या किंचित आधी दिशा दाबली, तर आपला गोळा कोपरा कापून वळतो आणि भुतांना तसे करता येत नसल्यामुळे प्रत्येक वळणावर आपण त्यांच्यापासून थोडे दूर जातो. शिवाय तुम्ही तंतोतंत त्याच चाली केल्या, तर भुतेही तंतोतंत तशीच वागतात. म्हणूनच जुने खेळाडू ठरलेले मार्ग पाठ करत असत. मी पहिल्या पातळीचा असा एक मार्ग पाठ केला होता, आणि तो दहापैकी सहा वेळा त्याच डाव्या वळणावर मोडला. अखेर मागचे स्क्रू काढून बटणाच्या रबराखालील संपर्कबिंदूंच्या कडांवर सेलोटेपचे बारीक तुकडे चिकटवले. तेव्हापासून तो मार्ग एकदाही मोडलेला नाही. याचा अर्थ खेळाची नक्कल अचूक आहे, दोष फक्त बटणात होता. मात्र नव्या वस्तूचे स्क्रू गिऱ्हाइकाने काढावे लागणे मला पटत नाही, आणि तसे केल्यावर दुकानदाराची तोंडी वॉरंटीही संपली.

पडद्याची चमक उन्हात पुरत नाही. सकाळी खिडकीशी बसलो, तर इगतपुरीपर्यंत मला हाताचा आडोसा धरावा लागतो. त्यापुढे कसाऱ्याच्या घाटातील बोगदे लागले, की तेवढ्यापुरते चित्र एकदम उठून दिसते. बॅटरी सुमारे साडेचार तास टिकते, त्यामुळे जाण्याचा प्रवास निभावतो, पण परतीसाठी चार्जर बरोबर ठेवावा लागतो. स्पीकर चिरका आहे, शेजारच्या पासधारक काकांनी दुसऱ्याच दिवशी "अहो, जरा आवाज कमी करता का?" असे विचारल्यावर मी इअरफोन वापरू लागलो.

केवळ हा एक खेळ खेळण्यासाठी ही किंमत मला जास्त वाटत नाही, फक्त खरेदी करताना दुकानातच दहा मिनिटे पॅक-मॅन लावून बटण तपासावे आणि तिरकी दिशा उमटली, तर दुसरा नग मागावा. २५६व्या पातळीवर मूळ खेळातील एका त्रुटीमुळे पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो. तो या यंत्रावरही तसाच भरतो का, हे मात्र दुसऱ्या कोणाला तरी पाहावे लागेल. माझी मजल अद्याप नवव्या पातळीपलीकडे गेलेली नाही.