गॅलरी रिकामी दिसतेय: डेटा क्लिअर, कार्ड फॉरमॅट की फॅक्टरी रीसेट?

चवथीच्या दिवसांत आपल्याकडे फोन भराभर भरतात. माटोळीचे फोटो, घुमट आरतीचे लांबलचक व्हिडिओ, वाड्यावरच्या फुगड्या. विसर्जन आटोपून निवांत बघायला बसावं तर गॅलरी अर्धी रिकामी, नाहीतर मीडिया स्टोरेज बंद पडल्याचा संदेश वारंवार समोर. मग सल्ले येतात ते तीन: मीडिया स्टोरेजचा डेटा क्लिअर कर, मेमरी कार्ड फॉरमॅट कर, नाहीतर फोनच फॅक्टरी रीसेट मार. पहिल्यात फोटोंना जवळजवळ धोका नाही, उरलेल्या दोन्हींत आहे.

म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते बघा. फाइल्स अ‍ॅप उघडा, डीसीआयएम (DCIM) या फोल्डरातल्या कॅमेरा फोल्डरात जा. फोटो तिथे नीट उघडतात, फक्त गॅलरीत दिसत नाहीत? मग कार्ड बहुधा ठीक आहे. तिथेही फोटो करडे दिसतात, आकार शून्य दाखवतात किंवा कॉपी मध्येच अडकते? मग संशय कार्डावर घ्यायचा.

पहिल्या प्रकारात डेटा क्लिअर हाच उपाय. अँड्रॉइडमधलं मीडिया स्टोरेज हे फोटो, गाणी, व्हिडिओंची नोंदवही सांभाळतं आणि गॅलरी तीच वाचते. डेटा क्लिअर केला की वही कोरी होते, फोटो जागच्या जागी राहतात. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत वरच्या तीन टिंबांवरून सिस्टम अ‍ॅप्स दाखवायला सांगा, मीडिया स्टोरेज शोधा, आधी कॅश (तात्पुरता साठा) आणि तेवढ्याने भागलं नाही तर डेटा क्लिअर करा. फोन रीस्टार्ट करून चार्जिंगला लावा. हजारो फोटो असतील तर गॅलरी भरायला वेळ लागतो, तेवढ्यात घाबरून दुसरं काही करू नका. लावलेली रिंगटोन किंवा प्लेलिस्ट जाऊ शकते, एवढीच किंमत. मात्र बटण दाबण्याआधी अ‍ॅपचं नाव पुन्हा वाचा. व्हॉट्सअ‍ॅपचा डेटा क्लिअर झाला तर फोनवरचे चॅट पुसले जातात. काही नव्या फोनांत मीडिया स्टोरेजचं हे बटण दाबताच येत नाही. आणि एकाच फोल्डरातले फोटो गायब असतील तर त्यात .नोमीडिया (.nomedia) नावाची लपलेली फाइल आहे का बघा. ती असली की गॅलरी तो फोल्डर वगळते.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे संशय कार्डावर असेल तेव्हा, फॉरमॅटने कार्ड सुधारेल कदाचित, फोटो मिळणार नाहीत. त्यामुळे कार्ड बाहेर काढा आणि कार्ड रीडरने कॉम्प्युटरला लावा. विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारेल, तिथे कॅन्सल. जेवढं कॉपी होतं तेवढं करून घ्या. उरलेल्यासाठी फोटोरेक (PhotoRec) हा मोफत प्रोग्राम आहे. तो कार्डावर काही लिहीत नाही, फक्त वाचतो. सापडलेले फोटो मात्र कॉम्प्युटरच्या डिस्कवर साठवायचे, त्याच कार्डावर नाही. तोवर त्या कार्डावर नवीन एकही फोटो काढू नका, कारण नवा फोटो जुन्याच्या जागेवर लिहिला जाऊ शकतो.

एक खूण लक्षात ठेवा. फॉरमॅट पूर्ण झाल्याचं फोन सांगतो, पण रीस्टार्ट केल्यावर जुने फोटो जसेच्या तसे परत. हे शुभलक्षण नव्हे. झिजलेलं कार्ड नवीन काही लिहून घेणं बंद करतं, फक्त वाचू देतं. लगेच सगळं कॉपी करा आणि ते कार्ड टाकून द्या. नवीन घेताना बिलासह घ्या. स्वस्तातल्या बनावट कार्डांवर १२८ जीबी छापलेलं असतं, खरी जागा कितीतरी कमी असते आणि ती संपल्यावरचे व्हिडिओ खराब होतात.

फॅक्टरी रीसेट मी या दुखण्यासाठी सुचवणारच नाही, निदान सगळा बॅकअप हातात येईपर्यंत. फोनची अंतर्गत मेमरी त्यात पूर्ण पुसली जाते. त्यातून तुम्ही कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडलेलं असेल तर धोका दुप्पट: अशा कार्डावरचं सगळं एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतं आणि त्याची किल्ली फोनमध्येच असते. रीसेट केलात की कार्ड शाबूत असूनही त्यातलं काही वाचता येत नाही. म्हापशात किंवा फोंड्यात फोन दुरुस्तीला देताना रीसेटची गोष्ट निघाली, तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून कार्ड कसं जोडलंय ते दुकानदारासमोरच तपासून घ्या.