हॉस्पिटलची लॅब दवाखान्याच्या दारात: मशीन उत्तम, पिशवीचं काय?

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलने आपली लॅब बाहेरच्या फॅमिली डॉक्टरांना खुली केली आहे. पेशंटला तिथे केसपेपर काढावा लागत नाही. दवाखान्यातच रक्त घ्यायचं, फॉर्म जोडायचा, दुपारी मुलगा येऊन सॅम्पल नेतो आणि संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. दर ओपीडीचेच. डॉक्टरला कट नाही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमावलीत कमिशन मुळात निषिद्धच आहे, पण दिवाळीत येणारी पाकिटं बघता ही बातमी सगळ्या लॅबवाल्यांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही.

तपासणीच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. वॉर्डातल्या पेशंटचं रक्त ज्या मशीनवर जातं, त्याच मशीनवर आपलं जातं, आणि पॅथॉलॉजिस्ट जागेवर असतात. याचा खरा फायदा डेंगीच्या दिवसांत कळतो. प्लेटलेट 40,000 इतक्या कमी आल्या की इथे स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली बघितला जातो आणि गठ्ठे दिसले तर रिपोर्टवर तसं लिहून येतं. काहींच्या प्लेटलेट जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात आणि मशीनला ते गठ्ठे मोजता येत नाहीत. अशा वेळी निळ्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त पाठवायचं आणि आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणायचं, कारण सायट्रेटने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. तापाने आधीच घाबरलेल्या माणसाची ॲडमिशन एवढ्यावर टळते.

दुसरी चांगली गोष्ट, उरलेला सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) ते ठेवतात. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) कमी दिसला तर त्याच दिवशी फोन करून फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) लावून घेता येतं, पेशंटला पुन्हा टोचावं लागत नाही.

आता दुखणं. सगळं बिघडतं ते दवाखाना ते हॉस्पिटल या टप्प्यात. उपाशीपोटीचं रक्त सकाळी आठला निघतं, मुलगा साडेबाराला येतो. त्याच्या पिशवीत बर्फाचा पॅक असतो आणि ट्यूब थेट त्याला टेकलेल्या. बर्फ म्हणजे काळजी घेतली असं वाटतं, पण सेंट्रिफ्यूज न केलेल्या, म्हणजे यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न केलेल्या, रक्तातल्या पोटॅशियमसाठी थंडी हाच शत्रू. गारव्यात पोटॅशियम आत ओढणारा पेशींचा पंप मंदावतो, आतलं पोटॅशियम सीरममध्ये झिरपतं आणि 4.5 चं 5.5 च्या पुढे जातं. पेशी फुटलेल्या नसतात, त्यामुळे सीरम लाल दिसत नाही आणि लॅबला शंकाही येत नाही. पेशंट टेल्मिसार्टनवर (रक्तदाबाची गोळी, जिने पोटॅशियम वाढू शकतं) असेल तर आपण चांगली चाललेली गोळी बंद करून बसतो.

यावर उपाय दवाखान्यातच आहे. पिवळ्या झाकणाची जेल ट्यूब घ्या, पाच-सहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, 30 मिनिटं उभी ठेवा आणि मग छोट्या सेंट्रिफ्यूजवर 10 मिनिटं फिरवा. जेलचा पडदा मध्ये आला की थंडीची भीती नाही. मात्र तीच ट्यूब दुसऱ्यांदा फिरवू नका. जेलखाली साचलेलं पोटॅशियम वर येतं आणि केलेलं पाण्यात जातं.

साखरेचंही असंच. साध्या ट्यूबमध्ये ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. तीन तासांत 130 ची 110 होते आणि मधुमेहाचं निदान हुकतं. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबने घसरण थांबते, पण पहिला तास-दोन तास तिथेही थोडी होतेच. एचबीए1सीला (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) हा त्रास नाही. तो जांभळ्या ट्यूबमध्ये बिनघोर पाठवा.

पीटी-आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीच्या) अर्धवट भरलेल्या ट्यूब लॅब परत पाठवते, त्यावरून बरीच कुरकुर ऐकू येते. इथे लॅबचंच बरोबर आहे. रक्त नऊ भाग, सायट्रेट एक भाग, म्हणजे 0.3 मिलीला 2.7 मिली. कमी भरलं की आयएनआर खोटाच वाढतो आणि ॲसिट्रोम या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा डोस उगाच कमी होतो. बटरफ्लाय सुई वापरत असाल तर नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये जाते, म्हणून आधी एक फेकायची ट्यूब लावा. निळी ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची नाही.

आणि कंपाउंडरला ट्यूब भरायचा क्रम पाठ करून द्या: निळी, पिवळी, जांभळी, राखाडी. जांभळी जास्त भरली म्हणून त्यातलं रक्त पिवळीत ओतलं की पोटॅशियम 9 आणि कॅल्शियम 5 असा रिपोर्ट येतो. ईडीटीए पोटॅशियमचाच क्षार, कॅल्शियम तो धरून ठेवतो. असे दोन आकडे जोडीने दिसले आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमचा आकडाही पडलेला असला तर आधी ट्यूबची चौकशी करा, पेशंटची नंतर.

सेवेतली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे फॉर्म. तो वॉर्डासाठी छापलेला आहे. बेड नंबरला रकाना आहे, डॉक्टरच्या मोबाइलला नाही. परिणामी पोटॅशियम 6.5 किंवा हिमोग्लोबिन 5 आलं की फोन ओपीडीच्या काउंटरला जातो, जो सहानंतर कुणी उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तोच आकडा कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टसोबत निमूट येऊन पडतो. फॉर्म बदलेपर्यंत वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने स्वतःचा नंबर लिहा आणि औषधांची नावंही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनवर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटा कमी येतो. दोन दिवस गोळ्या थांबवून मगच रक्त घेतलेलं बरं.

सीबीसी, एचबीए1सी, टीएसएच, लिपिड, क्रिएटिनिन यांसाठी ही सेवा डोळे झाकून घ्यावी. पोटॅशियम फक्त सेंट्रिफ्यूज असेल तरच. छातीत दुखतंय म्हणून ट्रोपोनिन (हार्ट अटॅकची तपासणी) मात्र पिशवीतून पाठवू नये, तिथे पेशंटलाच पाठवायचं. मुलाची फेरी सकाळी दहाला आणा, अशी मागणी सगळ्यांनी मिळून लेखी करायला हवी. सेंट्रिफ्यूज नसलेल्यांनी तोवर किडनीचे आणि लघवी वाढवणाऱ्या (पाण्याच्या) गोळ्या घेणारे पेशंट सरळ हॉस्पिटलच्या कलेक्शन खिडकीवर धाडावेत.