बंदीकाळातील पत्रकांची बांधणी: शहापुरातील एक दुकान

भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासाशी संबंधित पत्रके, पुस्तिका आणि कात्रणे आमच्या बेळगावातील अभ्यासमंडळाने शहापूरच्या खडेबाजारालगत असलेल्या एका जुन्या दुकानात बांधणीसाठी दिली होती. काम उत्तम झाले आहे, एक दोष वगळता.

पहिला खंड कोठून सुरू करायचा, या बांधणीवाल्यांच्या साध्या प्रश्नावर आमच्यातच जुंपली. कारण पक्षाची स्थापना १९२० साली ताश्कंदला झाली की १९२५ साली कानपूरला, यावर कम्युनिस्टांचेच आजवर एकमत नाही. कम्युनिस्ट व कामगार पुढाऱ्यांवर ब्रिटिश सरकारने भरलेल्या मीरत कट खटल्याचा खंड मात्र विनासायास लागला. मार्च १९२९ मधील अटका, डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर आणि मंगळूरचे घाटे यांच्याविषयीचा मजकूर, सारे तारीखवार होते.

खरी कसोटी १९३४ नंतरच्या कागदांची होती. त्या वर्षीच्या गिरणी संपानंतर जुलैमध्ये पक्षावर आलेली बंदी जुलै १९४२ पर्यंत राहिली, आणि आमच्याकडील या काळातल्या पत्रकांवर छापखान्याचे नाव नाही, बहुतेकांवर तारीखही नाही. युद्धाला साम्राज्यवादी म्हणणारे पत्रक सप्टेंबर १९३९ नंतरचे आणि त्याच युद्धाला लोकयुद्ध ठरवणारे सोव्हिएत संघावर जर्मनीने हल्ला केल्यानंतरचे, एवढे मजकुरावरून ओळखता येते. परंतु कार्यकर्ते काँग्रेस समाजवादी पक्षात राहून काम करीत होते त्या वर्षांतील पत्रकांचा क्रम उद्या बदलावा लागणार, हे उघड होते. बांधणीवाल्यांनी म्हणूनच ही पाने एकमेकांना न चिकटवता प्रत्येक पान कापडी पट्टीवर बसवून पट्ट्या शिवल्या, त्यामुळे शिवण उसवून एखादे पान हलवता येते. खळीत मोरचूद घातल्याने कसरीची भीतीही कमी झाली. या पद्धतीला मजुरी जास्त पडते आणि खंड जाड होतो, पण मला ती योग्यच वाटते.

दोष मीरतच्या खंडात आहे. कडा सारख्या करताना समासातील पेन्सिलीची टिपणे कापली गेली. कडा न कापण्याची सूचना आधीच लेखी द्यावी, आणि मार्च-एप्रिलमध्ये हिशेबाच्या वह्या व प्रबंध यांची गर्दी असते, तेव्हा नाजूक कागद तेथे नेऊ नयेत.